विठाबाईने पाहिलेला सिनेमा

चिंचणीच्या विठाबाईला सिनेमाची आवड आहे असं कोणी सांगितलं तर अख्खा पाडा हसेल. बाईला आवड एकाच गोष्टीची, भांडणाची. नळावर हंडा लावण्यावरून, किनाऱ्यावर पाटी सरकवण्यावरून, तळासरीच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीची जागा धरण्यावरून ती मराठीत तोंड सोडायची आणि समोरचा गुजराती निघाला तर गुजरातीत काम पुरं करायची. मधे दुसऱ्याला बोलू द्यायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. घरात टीव्ही होता, पण तो संध्याकाळच्या मालिकांपुरता, आणि त्या मालिकांतल्या सासवांशीही ती मोठ्याने वाद घालत बसायची.

अशी बाई चार दिवस गप्प होती. शेजारची रखमी दोनदा येऊन तिच्या कपाळाला हात लावून गेली. ताप नव्हता. ताप असता तर परवडला असता.

झालं होतं ते असं. विठाबाईला एकच मुलगी, क्रांती. नवरा काविळीने गेला त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात दोघीच. क्रांती डहाणूच्या कॉलेजात शिकून बी.एस्सी. झाली आणि वेरावळच्या एका कंपनीत, परदेशी जाणारी मासळी तपासायच्या लॅबमध्ये, नोकरीसाठी तिने अर्ज केला. मुलाखत फोनवरच झाली. त्यानंतर दोनच दिवसांत तिचा फोन बोंबलाच्या बादलीत पडला आणि डहाणूच्या दुकानात दुरुस्तीला गेला. कंपनीने मग अर्जावरचा दुसरा नंबर लावला, तो आईचा. मंगळवारी दुपारी विठाबाई घरात एकटी होती. पलीकडून एक बाई गुजरातीत म्हणाली, क्रांतीची निवड झाली आहे, सोमवारी सकाळी नऊला वेरावळला हजर व्हायचं, येणार की नाही ते शनिवार दुपारपर्यंत कळवा.

विठाबाईने एका श्वासाचाही वेळ घेतला नाही. चांगल्या स्वच्छ गुजरातीत ती म्हणाली, "तिचं लग्न ठरलंय. ती नाही येणार."

आता तुम्ही म्हणाल, काय ही आई. म्हणा. तिचं स्वतःला याहून वाईट शब्दांत म्हणून झालं होतं. पण त्या क्षणी तिला भीती वाटली होती, आणि भ्यालेलं माणूस जे तोंडाला येईल ते बोलतं. पोर गेली की या घरात आपल्या आवाजाखेरीज दुसरा आवाज उरणार नाही, एवढंच तिला दिसलं होतं. लग्न करून दिलं असतं तर जावई निदान वरोर नाहीतर झाईचा असता, तासाभरात जाऊन येता आलं असतं. वेरावळ म्हणजे रात्रभराची गाडी.

रोज रात्री ती ठरवायची, उद्या सांगते. उद्या उजाडला की पाटी उचलून किनाऱ्यावर निघून जायची. असं करता करता शुक्रवारची रात्र आली. शनिवारची दुपार गेली की विषय संपला, क्रांतीला कधी कळणारही नाही. ती म्हणेल, नाही घेतलं त्यांनी, जाऊ दे. विठाबाईला हेच हवं होतं आणि याच विचाराने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

पहाटे साडेतीनला भरती होती. दीर नारू भरतीबरोबर बोट आत आणायचा, मग बोंबील उतरवायचे, धुवायचे, वाळत घालायचे. झोप येत नाही तर निदान बसून राहू म्हणून तिने टीव्ही लावला, आवाज अगदी बारीक ठेवला, कारण आतल्या खोलीत क्रांती झोपली होती. डिशवाल्यांनी आठ दिवसांसाठी दहा-बारा परदेशी चॅनलं फुकट सोडली होती. विठाबाई बटण दाबत गेली. एकीकडे गोरी माणसं केक करत होती, एकीकडे वाघ हरणामागे पळत होता. मग एकदम पडदा काळापांढरा झाला आणि त्यावर दोन हात दिसले.

बाईचे हात. म्हातारे नव्हेत, पण वापरलेले. एक एक बोट घेऊन ते त्यावर चिंधी गुंडाळत होते आणि गाठ दाताने ओढून घट्ट करत होते. अंगठा झाला, पहिलं बोट झालं, मधलं झालं. गाणं नाही, बोलणं नाही, दहाही बोटं होईपर्यंत सिनेमा तिथून हलला नाही.

विठाबाईने रिमोट खाली ठेवला. तिच्या स्वतःच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. बोंबलाचे दात बारीक असतात, दिसत नाहीत, पण वाळवायला जोड्या घालता घालता बोटांची चाळण करून टाकतात, आणि त्यावर खारं पाणी लागलं की काय होतं ते ज्याला लागलं त्यालाच कळतं. त्या गोरीलाही ते कळत होतं. पट्ट्या कुठून सुरू करायच्या हेसुद्धा तिला बरोबर माहीत होतं.

मग शेड दिसली. बाहेर झिमझिम पाऊस, मागे चिमण्यांचा धूर, पुढे समुद्र, तोही राखेच्या रंगाचा. लांबलचक लाकडी खोक्यात चकचकीत मासळी, आणि तिच्यासमोर बायकांची रांग. तीन तीन जणींची टोळी, दोघी कापणाऱ्या आणि एक भरणारी, हे विठाबाईच्या लगेच ध्यानात आलं. कापणारी मासा उचलायची, गळ्याशी सुरी टेकवायची, एक झटका, आतडं एकीकडे, मासा दुसरीकडे. इतक्या झटपट की मासा कधी उचलला हे दिसायचंच नाही. विठाबाई पुढे सरकून बसली. नटी असेल तर असो, पण हे हात नटीचे नव्हते. या हातांनी आयुष्यभर हेच केलं होतं, नाहीतर त्या नटीने वर्षभर शेडमध्ये बसून शिकून घेतलं होतं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तिला मानलं पाहिजे.

एकच गोष्ट तिला छळत होती. इतका पाऊस, इतकं मळभ, मग ही मासळी वाळणार कशी? "सडवून टाकाल गो सगळी," ती पडद्याला हळूच म्हणाली. मग पिंपं दिसली. भरणारी बाई पिंपात वाकून एक थर मासळीचा, एक थर मिठाचा असं लावत होती. म्हणजे हे लोक वाळवत नाहीत, खारवतात. विठाबाईचा जीव भांड्यात पडला.

इंग्रजी तिला शष्प कळत नव्हतं. पण थोड्याच वेळात कळायचं ते सगळं कळलं. चिंध्या बांधणाऱ्या बाईला एक मुलगी होती, क्रांतीच्याच वयाची, हाडकुळी, मोठ्या डोळ्यांची. नवरा दिसत नव्हता. दोघी एका खोलीत राहायच्या, एका खाटेवर झोपायच्या. मुलगी शेडमध्ये मासळी भरायची आणि रात्री शेगडीजवळ बसून वही-पुस्तक काढायची. बाई तिच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. सगळ्यांचे चेहरे जसे असतात तसे होते. कोणाला पावडर नाही, कोणाचे केस नीट नाहीत, शेडमधली एक म्हातारी तर रानशेतहून बोंबील न्यायला येणाऱ्या हिराबाईसारखी दिसत होती, तशीच गालफडं बसलेली आणि तशीच नजर, पैसे देण्याआधी दोनदा मासळी हुंगणारी. इतकी वर्षं टीव्ही बघून विठाबाईला पहिल्यांदाच वाटलं की यातलं कोणी आपल्या ओट्यावर येऊन बसलं तर ते खोटं वाटणार नाही.

आणि मग ते पत्र आलं.

दाराला एक फट होती, तिच्यातून पाकीट आत पडलं. मुलगी घरात नव्हती. बाईने हात पदरासारख्या पुढच्या फडक्याला पुसले, पाकीट उचललं, उलटसुलट केलं. वरती कसला तरी छापील शिक्का होता. ती ते उघडू लागली, बोटांवर चिंध्या असल्यामुळे उघडेना, तिने दाताने कडा फाडली. उभ्या उभ्या वाचलं. ओठ हलत होते. मग तिने ते घडी घालून पुढच्या फडक्याच्या खिशात ठेवलं आणि ती कामाला निघून गेली.

 टीव्ही बंद करावा असं विठाबाईला वाटलं, हात रिमोटपर्यंत गेलाही. आता ढँढँ वाजणार, बाईचा चेहरा तीनदा जवळून दाखवणार, ती कशी दुष्ट आहे ते सगळ्या जगाला सांगणार. आपल्या मालिकांत हेच होतं, आणि विठाबाई अशा बायांना आजवर स्वतः शिव्या घालत आली होती.

पण काही वाजलं नाही. सिनेमा त्या बाईच्या मागे मागे शेडपर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. बाई मासळी कापत होती. तसाच झटका, तसाच वेग. दिवसभर कापत राहिली. खिसा ओला होत गेला, आतल्या कागदाची चौकोनी कड कापडातून उठून दिसायला लागली. एकदा मुलगी पिंप ढकलत जवळून गेली तेव्हा बाईचा हात चुकला आणि सुरी बोटात गेली. तिने चिंधी बदलली, परत कापायला लागली. सिनेमाने तिला बोल लावला नाही आणि तिची बाजूही घेतली नाही. तो नुसता बघत होता, इतका वेळ आणि इतक्या शांतपणे, की त्या बाईच्या आत काय चाललंय ते सांगायची गरजच उरली नाही.

विठाबाई रडायला लागली. तिला राग येत नव्हता, लाजही वाटत नव्हती, तिला त्या बाईची दया येत होती. आणि त्या बाईची दया येते म्हटल्यावर स्वतःची थोडी येणारच. चार दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपण राक्षसीण नाही, आपण एक भ्यालेली बाई आहोत, आणि असल्या बाया दुसऱ्या देशातही असतात. ज्याने कोणी हा सिनेमा केला त्याच्या घरात कोणीतरी मासळी कापलेली असणार, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

मग रात्रीचं जेवण आलं. दोघी समोरासमोर बसल्या, दोघींच्या ताटात एक एक तळलेला मासा. आणि बाईने काय केलं, आपला मासा उचलला आणि मुलीच्या ताटात ठेवला.

विठाबाई उठून उभीच राहिली. तिच्या घरात, तिच्या माहेरी, पाड्यातल्या बहुतेक घरांत माफी तोंडाने मागत नाहीत. चूक ज्याची, त्याने आपल्या ताटातला तुकडा उचलून समोरच्याच्या ताटात ठेवायचा. तो ठेवला की मग जे केलं ते बोलून टाकायचं. समोरच्याने तुकडा खाल्ला की मिटलं. विठाबाईच्या नवऱ्याने आयुष्यात तीनदा तिच्या ताटात तुकडा ठेवला होता आणि तिन्ही वेळा तिने आधी भांडून मग तो खाल्ला होता. आता ही गोरी नेमकं तेच करत होती. मासा ठेवून ती बोलायला लागली, हळू आवाजात, ताटाकडे बघत, बराच वेळ. मुलगी ऐकत राहिली.  मग तिने काटा उचलला आणि तो मासा खाल्ला.

सांगितलं बाईने. सांगून टाकलं. आणि पोरीने पोटात घातलं.

शेवटी मुलगी छोटी बॅग घेऊन पावसात निघाली. बाई दारात उभी होती. मुलगी वळणावर दिसेनाशी झाली तशी तिने दार लावलं, पुढचं फडकं काढून धुवायच्या टपात टाकलं, वरून गरम पाणी ओतलं आणि बसून पुन्हा बोटांना चिंध्या बांधायला लागली. त्यावरच नावं सुरू झाली. बाकी काही नाही. पोर नोकरीला गेली, आई कामाला गेली. विठाबाईला वाटलं, इतकी खरी गोष्ट आपल्याला आजवर कोणी सांगितली नव्हती.

साडेतीनला नारूची हाक आली.

बोंबील चांगले पडले होते. थंडीचे दिवस, वारा उत्तरेचा, दोन दिवसांत वाळतील असे. उजाडता उजाडता दोघी मायलेकी वलांडीशी उभ्या होत्या, म्हणजे बांबूंच्या मांडवाला आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात तिथे. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. क्रांती जोड्या करत होती, विठाबाई टाकत होती. पलीकडच्या दोरीवर रखमी आणि आणखी दोघी-तिघी होत्या.

"काल एक सिनेमा पाह्यला," विठाबाई म्हणाली.

"तू?" क्रांतीने हसून विचारलं. आई चार दिवसांनी आपणहून बोलली याचंच तिला बरं वाटलं होतं.

विठाबाई सांगू लागली. चिंध्या सांगितल्या, सुरी सांगितली, पिंपं सांगितली. अशी काही सांगितली की रखमीचेही हात थांबले. "पट्टी बांधते ना, गाठ दाताने ओढते. तुझी आजी ओढायची तशी. आणि पाऊस बघ, सगळा वेळ पाऊस, एकदा पण ऊन नाय. पण एक माणूस खोटं नाय त्यात." क्रांती जोड्या घालत ऐकत होती. मग पत्र आलं. पत्र खिशात गेलं. विठाबाईचा आवाज बारीक होत गेला.

"मग?" क्रांती म्हणाली.

"मग तिने सांगितलं पोरीला."

"आणि?"

विठाबाईच्या हातात एक जोडी होती. ती तिने दोरीवर टाकली नाही. "वेरावळचा फोन आला होता," ती म्हणाली. "मंगळवारी. तुला घेतलंय त्यांनी. मी सांगितलं, तुझं लग्न ठरलंय."

पलीकडच्या दोरीवर कोणी हलेना. क्रांतीने आईकडे पाहिलं, असं पाहिलं की विठाबाईला वाटलं, ही आता ओरडेल, ओरडली तर बरं. क्रांती ओरडली नाही. तिने हातातला बोंबील पाटीत ठेवला, हात धुतले आणि विचारलं, "कधीपर्यंत सांगायचं होतं?"

"आज दुपारपर्यंत."

"आणि तू मला आज सांगतेस. सिनेमा बघून."

विठाबाईने हातातली जोडी दोरीवर टाकली. 

नऊला कंपनीचं ऑफिस उघडायचं. नऊ वाजेपर्यंत क्रांती ओट्यावर बसून राहिली. नऊ वाजता तिने आईच्या फोनवरून नंबर लावला, आपलं नाव सांगितलं, ऐकलं, आणि फोन आईच्या हातात दिला.

पलीकडची बाई म्हणत होती, पण तुमच्या आईनेच तर सांगितलं ना बेन, आम्ही ती जागा दुसरीला द्यायचं ठरवलंय.

 रखमी तिथेच होती, नारू जाळं घेऊन उभा होता. सगळ्यांना गुजराती कळत होतं. "मी आई बोलते," विठाबाई म्हणाली. "मी खोटं बोलले. तिचं लग्न नाय ठरलेलं. पोरीला सोडवत नव्हतं मला, म्हणून बोलले. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे, तिची जागा काढू नका."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती बाई कोरडेपणाने म्हणाली, दुसरीचं पत्र अजून निघालं नाही. सोमवारी सकाळी नऊला मुलगी दारात पाहिजे. नऊच्या पुढे मी थांबणार नाही.

त्या दुपारी क्रांती डहाणूला जाऊन दुरुस्त झालेला फोन आणि तिकीट घेऊन आली. संध्याकाळी जेवताना विठाबाईने आपल्या ताटातला सरंग्याचा तुकडा उचलून तिच्या ताटात ठेवला. क्रांतीने भात खाल्ला, कालवण खाल्लं आणि तुकडा तसाच ठेवून उठली. सिनेमातल्या पोरीने खाल्ला होता. विठाबाईने तो झाकून ठेवला आणि सकाळी मांजराला घातला.

रविवारी नारूने क्रांतीला मोटारसायकलवरून डहाणू स्टेशनला सोडलं, तिथून वापी, वापीहून वेरावळची गाडी. निघताना ती काकाशी बोलली, रखमीच्या पाया पडली. आईच्या पाया पडली तेव्हा मान वर केली नाही. विठाबाई दारातच उभी राहिली. तिला वाटत होतं, पोर जाते आहे हे चांगलंच झालं, पण ही अशी न बोलता गेली तर आपण जगायचं कसं. हे कोणाशी बोलणार? ती आत आली, तिने दार लावलं, आणि दिवसभर जोड्या एकटीने घातल्या आणि एकटीनेच टाकल्या.

रात्री साडेदहाला फोन वाजला.

"पोचलीस?" विठाबाईने विचारलं, जरी पोचायची वेळ सकाळची होती.

"अहमदाबाद गेलं आत्ता," क्रांती म्हणाली. मागे गाडीचा खडखडाट होता.  "तो सिनेमा पाहिला मी. शोधून काढला फोनवर, चॅनलच्या यादीत नाव मिळालं. खाली इंग्लिशमध्ये लिहून येतं काय बोलतात ते."

"मग? आहे ना चांगला?"

"फार चांगला आहे. मी असा पाहिलाच नव्हता कधी." क्रांतीचा आवाज जरा वेगळाच येत होता. "आई, ती बाई सांगत नाही."

"काय सांगत नाय?"

"पत्राचं. ती पोरीला सांगतच नाही."

"सांगते. जेवताना. मी पाह्यलं ना, मासा ठेवते ताटात आणि मग सांगते."

"जेवताना ती म्हणते, तू खा, माझा दात दुखतोय. मग कोळसा महाग झालाय त्याचं बोलते, आणि खोलीच्या भाड्याचं. एवढंच. पोरीला शेवटपर्यंत कळत नाही. ती वाट बघून बघून कंटाळते आणि शहरात कुठल्या तरी हॉटेलात भांडी घासायला जाते. नोकरी वगैरे काही नाही. ते पत्र खिशातच राहतं. शेवटी फडकं गरम पाण्यात टाकते ना, तेव्हा त्याचा लगदा होतो. तिला आठवत असतं खिशात काय आहे ते. आठवत असून टाकते."

विठाबाई खाटेवर बसली. तिने ते पाणी ओतताना पाहिलं होतं. तिला वाटलं होतं, बाई फडकं धुतेय.

शनिवारी पहाटे वलांडीशी उभं राहून तोंड उघडायला जे बळ लागलं होतं ते तिने त्या बाईकडून घेतलं होतं. आणि त्या बाईजवळ ते नव्हतंच. ती आपली दार लावून, बोटं बांधून, पत्राचा लगदा पोटात घेऊन कामाला गेली होती, आणि जिच्याशी बोलावं असं तिला तिथे कोणी नव्हतं. विठाबाईला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की आपलं दुःख क्षणभर बाजूला पडलं.

"बिचारी," ती म्हणाली. "हाताला एवढी हुशार बाई, आणि बोलता नाय आलं तिला."

"आई," क्रांती म्हणाली, "तुला इंग्लिश येत असतं तर मी आज या गाडीत नसते."

दोघींपैकी कोणालाच हसावं की रडावं ते कळेना, आणि मग क्रांती रडायला लागली. विठाबाईने तिला रडू दिलं. गाडी कुठल्याशा पुलावरून गेली, आवाज मोठा झाला आणि परत कमी झाला.

"माझा राग गेलेला नाही," क्रांती नाक ओढत म्हणाली. "चार दिवस तू माझ्यासमोर जेवलीस. चार दिवस."

"नको जाऊ दे," विठाबाई म्हणाली. "पण फोन करून रागव. गप्प बसून नको."

मग क्रांतीने तोंड सोडलं. मंगळवारपासूनचं सगळं काढलं, त्याच्या आधीचंही काढलं, कॉलेजच्या सहलीला पाठवलं नव्हतं तेही काढलं. विरमगाम येईपर्यंत ती भांडत होती, आणि विठाबाई फोन कानाला घट्ट लावून, मधे एक शब्दही न घालता ऐकत होती.